माळ्यावरचा खर्ज

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी आमच्या हैदराबादेतील मराठी समाजाचे संकेत ठरून गेलेले आहेत. सकाळी इंदिरा पार्कात चार फेऱ्या माराव्यात, दुपारी मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलेले पुस्तक छातीवर उपडे ठेवून डुलकी काढावी, आणि संध्याकाळी एखाद्या मंडळाचे चिटणीसपद भूषवीत इतर चिटणिसांच्या चुका काढाव्यात. आम्ही १९८४ साली आंध्र प्रदेश सरकारच्या महसूल खात्यात रुजू झालो आणि २०१८ साली तेलंगण सरकारच्या महसूल खात्यातून निवृत्त झालो. मधल्या काळात खुर्ची तीच राहिली, राज्य बदलले. असा मनुष्य ह्याच मळलेल्या वाटेने जाणार, अशी सर्वांची रास्त समजूत होती. त्यामुळे साठीच्या उंबरठ्यावर आम्ही बेस गिटार वाजवायला शिकू लागलो आहोत हे कळताच एका स्नेह्यांनी आमच्या पत्नीकडे हळूच चौकशी केली, "सगळे ठीक आहे ना?"

ठीक होते असे आम्ही म्हणणार नाही. का नव्हते, तेच येथे सांगावयाचे आहे.

आरंभीच खुलासा केलेला बरा. बेस गिटार म्हणजे तरुण मुले गळ्यात अडकवून ज्यावर गाणी म्हणतात ती सहा तारांची गिटार नव्हे. हिला चारच तारा असतात, त्या चांगल्या जाड असतात आणि दांडी लांब असते. सहा तारांच्या गिटारीतील खालच्या चार तारांचेच हे स्वर, पण एक सप्तक खाली उतरलेले. गाण्याची चाल हिच्यावर सहसा कोणी वाजवीत नाही. चालीच्या तळाशी राहून, कोणत्या स्वरावर गाणे उभे आहे हे सांगत जाणे आणि ते सांगताना ढोलाच्या ठेक्याशी पाऊल मिळवून चालणे, एवढेच हिचे काम. आपल्याकडचा दाखला द्यायचा तर तंबोऱ्याचा खर्ज आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक ही दोन्ही कामे एकाच वाद्याने करावीत, तसे हे आहे. फरक इतकाच की तंबोऱ्याचा खर्ज एका जागी बसून असतो आणि हा खर्ज गाण्याबरोबर चालतो.

हे वाद्य आमचे नव्हे. आमच्या दादाचे.

आमचे आजोबा नांदेडकडून निजामाच्या राजधानीत कारकुनीसाठी आले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात गेला; आमचे घर मात्र बडी चावडीतच राहिले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. अण्णा गुरुवारच्या भजनात पेटी वाजवीत. दादा आमच्याहून सात वर्षांनी मोठा. सुलतान बाजारातील एका कापडदुकानात तो हिशेब लिही आणि संध्याकाळी सायकलीवर टांग टाकून सिकंदराबादेपलीकडे लालागुड्याला जाई. तेथील रेल्वे वसाहतीत पुष्कळ अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत. त्यांपैकी एका निवृत्त गार्डाने दादाला ही विद्या दिली. १९७५ साली दादाने कलकत्त्याला बनलेली एक जुनी बेस गिटार सातशे रुपयांना घेतली. तेवढ्या पैशांत घरात शिलाई यंत्र आले असते, हे आईने त्याला पुढे कैक वर्षे ऐकवले.

दादा एका ऑर्केस्ट्रात वाजवू लागला. लग्नसमारंभ, गणेशोत्सव, कधी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावरील नुमाइश. १९७७ च्या नुमाइशीत अण्णा, आई आणि आम्ही त्याचा कार्यक्रम ऐकावयास गेलो होतो. गाणारे पुढे होते, त्यांच्यामागे ॲकॉर्डियन आणि गिटार, बाजूला काँगो. दादा सर्वांत मागे, ड्रमवाल्याच्या कुशीत, अर्ध्या अंधारात उभा होता. अडीच तासांत त्याने एकदाही मान वर केली नाही. परतताना रिक्षात अण्णा म्हणाले, "हा नुसता उभा असतो. ह्याचे काही ऐकू तर येत नाही."

हे वाक्य आमच्या घरातील म्हण होऊन बसले. कोणी काम न करता रेंगाळला की आई म्हणे, "दादाची गिटार वाजवतोयस का?" आम्ही सर्व हसत असू. दादाही हसे.

अण्णांना खरोखरच ऐकू आले नव्हते का? अण्णांचे कान उत्तम होते. पेटीचा एखादा सूर केसभर उतरलेला असला तरी त्यांना चालत नसे. आज आम्हांला वाटते की त्यांना ऐकू आले होते, पण काय ऐकावयाचे हे कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या घरातले सगळे सिनेसंगीत एका लहान ट्रान्झिस्टरमधून येत असे. बेस गिटारीच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात, तिच्या वरचीची ५५. तळहाताएवढ्या स्पीकरला इतका खालचा स्वर हलवताच येत नाही. त्या स्वराचे वरचे अनुनाद तेवढे बाहेर पडतात आणि मेंदू त्यांवरून खालच्या स्वराचा अदमास बांधतो. म्हणजे राहुलदेव बर्मन यांची जी गाणी आम्ही रात्रंदिवस ऐकली, त्यांतील टोनी वाझ यांची बेस गिटार आमच्या घरात कधी पुरती पोहोचलीच नाही. पुढे इळैयराजांच्या तेलुगू गाण्यांनी आमच्या शहराला वेड लावले. १९८९ चा 'गीतांजली' येथील कोणत्याही गल्लीला पाठ होता. इळैयराजांच्या गाण्यांत शशिधरन यांची बेस गिटार स्वतंत्र चालीसारखी वाहत असते, हे आम्हांला कळले ते साठीनंतर, चांगले हेडफोन कानाला लावल्यावर. दादाला ते तेव्हाच कळत होते. रेडिओवर गाणे लागले की तो यंत्राला कान चिकटवून बसे, ते बहिरेपणामुळे नव्हे. तो आत नसलेला स्वर शोधत असे.

आता १९८७ सालाकडे येऊ. त्याला वळसा घालता आला असता तर आम्ही घातला असता.

त्या वर्षी आमच्या लग्नाचे घाटत होते. आम्ही नुकतेच राजपत्रित अधिकारी झालो होतो आणि त्या शिक्क्याची शाई अजून वाळली नव्हती. पुण्याची मंडळी आम्हांला पाहावयास येणार होती. बाहेरच्या खोलीत दादाची गिटार खुंटीला टांगलेली असे आणि खाली ॲम्प्लिफायरचा काळा खोका. आम्ही दादाला म्हणालो, "चार दिवस हे माळ्यावर ठेवू या." तो म्हणाला, "का?" आम्ही म्हणालो, "लोकांनी विचारले तर काय सांगायचे? आमचा भाऊ बँडवाला आहे म्हणून?"

दादा तेव्हा चौतीस वर्षांचा होता, दोन मुलांचा बाप होता. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले. मग शिडी लावली, गिटार आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि स्वतःच माळ्यावर नेऊन ठेवली. आम्ही शिडी धरली होती.

पुण्याची मंडळी आली. भावी सासऱ्यांनी भिंतीवरील रिकामी खुंटी आणि तिच्याखालचा, चुना न विटलेला लांबोडका डाग पाहून विचारले, "इथे काय टांगलेले असते?" आम्ही म्हणालो, "तंबोरा." सासरे प्रसन्न झाले. लग्न जमले. चार दिवस उलटले, पण 'आता काढ' असे दादाला आम्ही म्हणालो नाही आणि त्यानेही विषय काढला नाही. त्या महिन्यात त्याचे दोन कार्यक्रम ठरलेले होते. तो गेला नाही. पुढे आम्ही मनाची समजूत काढीत असू की तसेही ऑर्केस्ट्रांमध्ये की-बोर्ड आले होते, एक माणूस डाव्या हाताने बेसचे काम भागवू लागला होता, दादाचे वाजवणे कधी ना कधी थांबलेच असते. सरकारी नोकरीत राहून माणूस जे शिकतो त्यांत हे एक असते: घडून गेलेल्या गोष्टीसाठी मागाहून सबळ कारण नोंदवता येते.

२०१९ साली बडी चावडीचे घर विकसकाला देण्याचे ठरले. माळा रिकामा करताना लुगड्याचे ते गाठोडे हाती लागले. दादा तेव्हा मुलाकडे मलकाजगिरीला राहत होता. फोन केला. तो म्हणाला, "भंगारात घाल." आवाजात राग नव्हता. राग असता तर आम्हांला बरे वाटले असते.

आम्ही ती भंगारात घातली नाही. सिकंदराबादेत वाद्यांची दुरुस्ती करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी डोळा बारीक करून दांडीवरून नजर टाकली आणि म्हणाले, "साब, ये तो कमान हो गई." दांडी धनुष्यासारखी वाकली होती. मग त्यांनी आम्हांला, एखाद्या नवख्या कारकुनाला समजवावे तसे, समजावून सांगितले. चार तारा सुरात लावल्या की त्या मिळून दांडीला सुमारे सत्तर-ऐंशी किलोंचा ताण देतात. हा ताण तोलण्यासाठी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई बसवलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. टोकाचा नट किल्लीने फिरवून ती कमीजास्त कसता येते. वाद्य वर्षानुवर्षे वापरात नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात, नाहीतर उन्हाळ्या-पावसाळ्यांत लाकूड हळूहळू तारांकडे झुकते. "जिसने रखी, उसने तार उतारे क्यों नहीं? बजाने वाला था ना?" त्यांनी विचारले.

आम्हांला उत्तर ठाऊक होते. चार दिवसांसाठी कोण तारा उतरवतो?

दुकानाबाहेर पायरीवर आम्ही बराच वेळ बसून राहिलो. बत्तीस वर्षे ती गिटार लुगड्यात, अंधारात, सुरात लावलेली, वाजण्याच्या तयारीत पडून होती. दादाने ती टाकून दिली नव्हती, आमच्या शब्दावर ठेवली होती. त्याच संध्याकाळी आम्ही मिस्त्रींना सांगितले की खर्च कितीही येवो, ही वाजली पाहिजे. आणि ती वाजवणार कोण, असे त्यांनी विचारल्यावर आमच्या तोंडून निघून गेले, "आम्ही."

दुरुस्तीला चार महिने लागले. त्या काळात आम्ही एखाद्या जुन्या फाइलचा पाठपुरावा करावा तसा ह्या वाद्याचा इतिहास चाळला. पूर्वी हे काम उभ्या प्रचंड डबल बेसचे असे. माणसाहून उंच असलेले ते वाद्य गाडीच्या टपावर बांधून न्यावे लागे, आणि विजेवरच्या गिटारी आल्या तसे त्यांच्यापुढे त्याचे ऐकू येईनासे झाले. १९३० च्या दशकात सिॲटल येथे पॉल टटमार्क यांनी गिटारीसारखे आडवे धरण्याचे विजेवरचे बेस केले होते, पण ते फारसे चालले नाही. चालले ते कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांचे. त्यांना गिटार वाजवता येत नसे. ते मूळचे हिशेबनीस. काही काळ कॅलिफोर्निया राज्याच्या महामार्ग खात्यात नोकरीला होते आणि मंदीत ती गेल्यावर त्यांनी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. राज्य सरकारचा एक माजी कर्मचारी आमच्या दादाच्या वाद्याचा जनक निघाला, याचा आम्हांला उगाच अभिमान वाटला. १९५१ साली त्यांनी 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. डबल बेसच्या दांडीला पडदे नसतात, बोट अंदाजाने ठेवावे लागते. फेंडर यांनी सतारीसारखे पडदे बसवले, त्यामुळे स्वर नेमका लागू लागला, म्हणून हे नाव. तारांखाली लोहचुंबक आणि त्यांभोवती बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तो पिकअप. पोलादी तार थरथरली की गुंडाळीत क्षीण वीजप्रवाह उमटतो आणि ॲम्प्लिफायर त्याला मोठे करतो. एवढेच यंत्र आहे. ३४ इंचांची तार, चुंबक आणि लाकूड.

तारांचे मात्र शास्त्र निराळे. गाभ्याच्या तारेवर दुसरी तार गुंडाळून जाडी आणलेली असते. ती गुंडाळी गोल तारेची असेल तर तारेला राउंडवाउंड म्हणतात. बोटाला खरखरीत लागते, आवाज खणखणीत आणि लांब टिकणारा. गुंडाळी चपट्या पट्टीची असेल तर फ्लॅटवाउंड. स्पर्श गुळगुळीत आणि आवाज बुटका, गोल, 'धुम्' असा. १९६० च्या दशकात इंग्लंडमधील 'द हू' ह्या वाद्यवृंदाचे जॉन एंटविसल यांनी रोटोसाउंड कंपनीच्या राउंडवाउंड तारांवर जो लखलखीत आवाज काढला, त्यानंतर पुष्कळ मंडळी त्या तारांकडे वळली. दादाच्या गिटारीवर फ्लॅटवाउंड होत्या, कोणा ओळखीच्याकडून आखातातून मागवलेल्या. त्यांपैकी सर्वांत बारीक तार तुटली होती. उरलेल्या तीन मिस्त्री काढून टाकणार होते. आम्ही म्हणालो, राहू द्या.

असे का म्हणालो, याचे समर्थन आम्हांला मागाहून सापडले, आणि ते जेम्स जेमरसन यांच्या रूपाने. त्यांचा जन्म १९३६ चा, दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावरचा. डेट्रॉइटमध्ये मोटाउन नावाच्या गाण्यांच्या कंपनीत ते नोकरीला होते. १९६० च्या दशकात त्या कंपनीची जी गाणी जगभर गाजली, त्यांतील बहुतेकांच्या तळाशी जेमरसन आहेत. उजव्या हाताची एकच तर्जनी वापरून ते वाजवीत. त्यांच्या १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड तारा असत आणि तार तुटल्याशिवाय ते ती बदलत नसत. घोडीपाशी स्पंजाचा तुकडा दाबून बसवलेला असे, म्हणजे स्वर रेंगाळू नये. ते ऐकताना प्रथम काही कळत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ऐकावे, तेव्हा ध्यानात येते की गायक ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीन स्वतः चालते आहे.

पण त्या तबकड्यांवर त्यांचे नाव छापले जात नसे. वादकांची नावे देण्याची त्या कंपनीची रीतच नव्हती. १९७१ साली मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' ह्या तबकडीच्या वेष्टणावर वादकांची नावे आली, तेव्हा जेमरसन ह्यांचे नाव लोकांनी वाचले. पुढे कंपनी लॉस एंजेलिसला गेली. जेमरसनही तेथे गेले, पण जम बसला नाही. १९८३ साली कंपनीचा पंचविसावा वर्धापनदिन थाटाने साजरा झाला, तेव्हा ते तिकीट काढून प्रेक्षकांत बसले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी ते वारले. तत्पूर्वी थोडे दिवस त्यांची ती गिटार चोरीला गेली होती. २००० साली त्यांना 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले.

हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. इतक्या मोठ्या वादकाशी आमच्या दादाची तुलना करण्याचा वेडेपणा आम्ही करणार नाही. दादा सुलतान बाजारातला एक हौशी वादक होता. पण मागच्या रांगेतील माणसाचे नाव न विचारण्याची रीत डेट्रॉइटची असो की बडी चावडीची, ती एकच, हे आम्हांला कळले.

शिकणे अर्थातच सोपे गेले नाही. आमचे गुरुजी बावीस वर्षांचे, अभियांत्रिकीचे विद्यार्थी. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी फोनच्या पडद्यावरून आम्हांला शिकवले. पहिले तीन महिने बोटांना फोड आले. पुढचे सहा महिने फक्त लय. बेस वाजवणाऱ्याने स्वर चुकवला तर श्रोते क्षमा करतात, लय चुकवली तर सारा डोलारा कोसळतो, हे ते गुरुजी आम्हांला 'अंकल' म्हणून अदबीने पण रोज सांगत. ऐकण्याचा अभ्यासही चालू होता. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली स्टुअर्ट सटक्लिफ वाद्यवृंद सोडून गेल्यावर बेस पत्करला आणि हाम्बुर्गला व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर घेतली. दोन्ही अंगांनी सारखी असल्यामुळे डावखुऱ्याने उलटी धरली तरी ती विशोभित दिसत नसे. १९७२ साली चोरीला गेलेली ती गिटार पन्नासहून अधिक वर्षांनी सापडून त्यांना परत मिळाली, ही बातमी आम्ही २०२४ साली वाचली आणि आपल्या घरचे काही सापडावे तसा आनंद झाला. जाको पास्टोरियस यांनी पडदे काढलेल्या बेसवर सरोदासारखी मींड आणली. पण आमचा जीव जडला तो कॅरल के ह्या बाईंवर. मूळच्या गिटारवादक. १९६३ साली एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आला नाही, म्हणून ह्यांच्या हाती ते वाद्य दिले गेले आणि ते हातीच राहिले. २०२५ साली त्यांना त्याच हॉल ऑफ फेमचा मान जाहीर झाला, तो त्यांनी नाकारला. ध्वनिमुद्रण हे अनेक वादकांनी मिळून करायचे काम आहे, अशी त्यांची धारणा.

दादाला आम्ही यातले काही सांगितले नव्हते. चार-पाच वर्षे हे चोरून चालले होते. सांगायचे म्हणजे १९८७ सालापासून सांगावे लागले असते.

मागच्या दिवाळीत भाऊबिजेला सारे आमच्याकडे जमले. दादाला आता बहात्तरावे चालू आहे. त्याला ऐकू कमी येते, श्रवणयंत्र लावतो, पण गर्दीत ते काढून खिशात टाकतो. नातवाने भोचकपणे आमच्या खोलीतली गिटार ओढून बाहेर आणली. दादाने ती ओळखली. वहिनींनीही ओळखली, त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. दादा काही बोलला नाही. आम्ही ॲम्प्लिफायर लावला. हात थरथरत होते. त्याच्या ऑर्केस्ट्रात नेहमी होणारे एक गाणे आम्ही मुद्दाम बसवले होते, ते वाजवू लागलो. दादाने हात पुढे करून खोक्याच्या फळीवर तळवा टेकवला आणि डोळे मिटले.

वार्धक्यात कान जातात ते वरून खाली जातात, हे आम्हांला पुढे डॉक्टरांनी सांगितले. बारीक, उंच स्वर आणि बोलण्यातली व्यंजने आधी नाहीशी होतात. खालचे स्वर पुष्कळ काळ शाबूत राहतात. आमच्यापैकी कोणाचे बोलणे दादाला धड कळत नव्हते. गिटार कळत होती.

गाणे संपले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुले पांगल्यावर आम्ही दादाजवळ बसलो आणि जे अडतीस वर्षे बोललो नव्हतो ते बोललो. खुंटीचे, तंबोऱ्याचे, 'बँडवाला' ह्या शब्दाचे. न उतरवलेल्या तारांचेही. आवाज चढवून बोलण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हळूच बोललो. त्याचे श्रवणयंत्र खिशात होते. त्याने आमच्या तोंडाकडे शेवटपर्यंत पाहिले. मग म्हणाला, "बाळ, तू फार वाजवतोस. अर्ध्या जागा सोड. आणि ह्या तीन तारा बदलू नकोस."

त्याने ऐकले की नाही, हे आम्ही पुन्हा विचारले नाही.

आता दर गुरुवारी दादाचा मुलगा त्याला आमच्याकडे आणून सोडतो. दादाची बोटे आखडली आहेत, तो स्वतः वाजवीत नाही. फळीवर हात ठेवून बसतो आणि चुकले की दोन बोटांनी टकटक करतो. येत्या गणेशोत्सवात मंडळाच्या सुगम संगीताच्या कार्यक्रमाला आम्ही मागे, तबलजीच्या शेजारी, बसणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेत साथीदारांची नावे छापावीत, अशी लेखी सूचना आम्ही चिटणिसांना दिली आहे. आमच्या नावापुढे 'शिष्य' लिहून दादाचे नाव घालावे, असेही तीत म्हटले आहे. चिटणीस म्हणाले, जागा कमी पडेल.

त्यावर आम्ही स्मरणपत्र पाठवले आहे. ती विद्या आम्हांला चांगली येते.